दगडांवरून सहज

पत्र कौतुकाच्या फाइलीत लावलेलं होतं, इथपासूनच गंमत सुरू झाली. टायपिस्ट बाईंची त्यात तशी चूक नव्हती. पत्राच्या पहिल्या चार ओळी कौतुकाच्याच होत्या. आपली पुस्तिका आमच्या घरात सगळ्यात जास्त हाताळली जाते, मुलांनी तिला कव्हर घातलं आहे, वगैरे. बाईंनी चार ओळी वाचल्या, खूश झाल्या, पत्राला भोकं पाडली आणि निळ्या फाइलीत अडकवून टाकलं. याला महिना होऊन गेला होता. आज नव्या आवृत्तीच्या मागच्या पानावर टाकायला वाचकांचे दोन गोड शब्द हवेत, म्हणून त्याने ती फाइल मागवली, चहाचा कप बाजूला सरकवला आणि पाचव्या ओळीवर आला. "एकच गोष्ट कळवावीशी वाटते. पान अठरावर आपण लिहिलं आहे की तळ्यातून निघणारा ओढा दगडांवरून सहज ओलांडता येतो. सकाळी जाताना तो तसाच होता. दुपारी तीनला परतताना दगड दिसतच नव्हते. पाणी माझ्या कमरेच्या वर होतं. धाकट्याला खांद्यावर घेऊन मी उतरलो आणि अर्ध्यातून मागे फिरलो. ती रात्र आम्ही पलीकडेच काढली. आता सगळे बरे आहोत. धाकटा अजून अंघोळीला घाबरतो." खाली सही, पत्ता, आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात: पुस्तिकेचा दुसरा भाग कधी येणार?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. त्याने पत्र पुन्हा वाचलं, मग फक्त "दुपारी तीनला" एवढंच वाचलं. कारण आज पहाटे साडेपाचच्या बसने त्याची मुलगी आणि सहा वर्षांची नात, दोघीच, त्याच तळ्याकडे गेल्या होत्या. जावई कामासाठी परगावी होता. काल संध्याकाळी मुलीने फोनवर विचारलं होतं, "बाबा, ठकीला घेऊन एकटीने जाण्यासारखं कुठलं आहे?" आणि त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितलं होतं, "आपलं तळं. पान अठरा. डोळे मिटून जा." डोळे मिटून जा, असं म्हणाला होता तो. वर हसलाही होता.

ऑफिसात त्याला बूटसाहेब म्हणत. त्याच्या टेबलाखाली कायम डोंगरात घालायचे जाडजूड बूट असायचे, गेली काही वर्षं नुसतेच असायचे. पायवाटा विभाग म्हणजे खरं तर तो, टायपिस्ट बाई आणि एक नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन; ड्राफ्ट्समन निवृत्त होऊन गेला तेव्हा त्याच्या टेबलावर कुंड्या ठेवल्या गेल्या. विभागाचं एकच पुस्तक होतं. सहकुटुंब चालण्याच्या पस्तीस वाटा. प्रत्येक वाटेच्या डोक्यावर तीन बाहुल्यांचं चित्र, एक मोठी, एक मध्यम, एक लहान, हातात हात घातलेल्या. ते चित्र ड्राफ्ट्समनने काढलं होतं आणि ते कुणाचं आहे हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. कारण वाट कुटुंबासाठी सोपी आहे की नाही हे ठरवायला खात्याकडे कुठलं मोजमापच नव्हतं. चढ मोजता येतो, अंतर मोजता येतं, पण सोपेपणा कशाने मोजायचा? तेव्हा त्यानेच तोडगा काढला होता. दर रविवारी स्वतःच्या बायको-मुलीला घेऊन जायचं. मुलगी आठ वर्षांची होती. ती न रडता चालली की वाट सोपी. साहेबांना कल्पना भलतीच आवडली, त्यांनी छापील तक्त्यात एक रकानाच वाढवून दिला, 'मूल'. त्या रकान्यात त्याने तीन वर्षांत पस्तीस वेळा एकच शब्द लिहिला होता. ठीक.

फौजदार म्हणत तिला सगळे. छोटी फौजदार आली, आता वाटेची खैर नाही, असं ड्राफ्ट्समन म्हणायचा आणि तिच्या हातावर पेपरमिंट ठेवायचा. साहेब केबिनमधून बाहेर येऊन विचारायचे, काय फौजदार, रडायबिडायला नाही ना आलं? ती मान हलवायची. त्याला केवढा अभिमान वाटायचा. इतरांची मुलं बाजारापर्यंत जाताना कडेवर घ्या म्हणून हट्ट करत, आणि ही डोंगराच्या डोंगर चालायची, हूं की चूं नाही. तो सगळ्यांसमोर तिची वेणी ओढून म्हणायचा, "बघ हं, तू रडलीस की माझी नोकरी गेली!" सगळे हसायचे. दर सोमवारचा ठरलेला विनोद होता तो.

त्याने मुलीला फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती. पुन्हा लावला. तिथे रेंज नाही हे त्याला माहीत होतं, पुस्तिकेत त्यानेच ठळक अक्षरात छापलं होतं, निसर्गाची शांतता अनुभवा म्हणून. मूर्ख, मूर्ख, मूर्ख. आता साडेअकरा. बस साडेआठला गाडीतळावर पोचते. तिथून ओढा दीड तासाचा. लहान मूल बरोबर म्हणून पावणेदोन. म्हणजे दगड त्यांनी केव्हाच ओलांडले. या घटकेला त्या तळ्याकाठी असणार, ठकी पाण्यात खडे टाकत असणार, तिची आई तिला म्हणत असणार की बघ, आजोबांचं तळं. वर, तळ्यामागच्या उतारांवर, बर्फावर ऊन पडलेलं असणार. हे सगळं तो इतकं स्पष्ट बघू शकत होता की त्याने टेबलाची कड घट्ट धरली. रात्री बर्फ गोठतं, सकाळी ओढ्यात पाणी घोट्याएवढं असतं. ऊन चढलं की बर्फ सुटतं आणि दुपारपर्यंत ओढा फुगतो. डोंगरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं. पान तीनवर त्यानेच हे सर्वसाधारण सूचनांमध्ये लिहिलं होतं. फक्त पान अठरावर लिहिलं नव्हतं, कारण पान अठराचा ओढा त्याने दुपारी कधी पाहिलाच नव्हता.

पुस्तिकेत गाडीतळावरच्या दुकानाचा नंबर होता, 'अडचणीच्या वेळी' या शीर्षकाखाली. त्याने तो लावला. पलीकडून एका बाईने दातांच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. तो म्हणाला, तळ्याजवळचं दुकान ना? बाई म्हणाली, "नाही हो, दवाखाना आहे. आठ वर्षं झाली हा नंबर आमच्याकडे आहे. कुठल्याशा पुस्तकात चुकीचा छापलाय. दर सुट्टीला कुणीतरी वाट चुकलं की मलाच विचारतात. तुमची ओळख असेल तर सांगा ना त्यांना." तो म्हणाला, "सांगतो." आणि फोन ठेवल्यावर त्याला हसू आलं, घाणेरडं हसू, आणि टायपिस्ट बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

वनचौकीचा नंबर मिळायला बारा वाजले. तिथला रखवालदार आरामात बोलणारा होता. "ओढ्यापलीकडे? दुपारी? दुपारी कोण जातं तिथं? त्या ओढ्याच्या नादी आम्ही पण लागत नाही."

"पुस्तकात सोपी वाट म्हणून दिलीय."

"कोण लिहितो हो ही पुस्तकं? माणूस तरी कधी गेलाय का तिथं?"

"मी," तो म्हणाला. "मी लिहिलंय. माझी मुलगी आहे तिकडे. आणि नात. सहा वर्षांची."

रखवालदाराचा सूरच बदलला. "साहेब, मी इथं एकटा आहे. चौकीला कुलूप लावून निघालो तरी चार वाजतील पोचायला. निघतो मी. पण तुमची मुलगी शहाणी आहे ना? पाणी बघून थांबेल ना?" तो म्हणाला, हो, थांबेल. आणि म्हणतानाच त्याला कळलं की हे खोटं आहे. ती थांबणार नाही. थांबणं तिच्या स्वभावातच नाही. बाबांनी लिहिलंय ना सहज, मग पाऊल टाकेल ती, ठकीला कडेवर घेऊन टाकेल, ओठ मिटून टाकेल. असंच तर वाढवलं त्याने तिला.

तिथे जायचं म्हटलं तरी पुढची बस दोनला होती आणि ती पाचनंतर पोचायची. टॅक्सीवाला म्हणाला, घाटात काम चालू आहे, चार तास धरा. चार तासांनी तिथे पोचून काय करायचं? त्याने नव्या आवृत्तीची प्रुफं पिशवीत कोंबली. छापखान्याला पाचपर्यंत सही हवी होती. का कोंबली कुणास ठाऊक, हाताला सवय. टायपिस्ट बाईंना म्हणाला, घरी जातो, बरं वाटत नाही. बाई म्हणाल्या, "मागच्या पानाचे गोड शब्द?" त्याने ऐकलं नाही.

घर वीस मिनिटांवर होतं. उन्हाने फूटपाथ पांढरा पडला होता. चालताना तो नेहमी पावलं मोजायचा, मिनिटाला एकशे आठ, आणि आजही ती आतल्या आत आपोआप मोजली जात होती, बाजूने एक दुसरा माणूस चालावा तशी. औषधाच्या दुकानासमोर एक बाई एका मुलाला हाताला धरून रस्ता ओलांडायला उभी होती. मुलगा मागे खेचत होता, गाड्यांना घाबरून रडत होता, आणि बाई म्हणत होती, बरं बाबा, बरं, थांबू या. दोघं थांबली होती, सिग्नल हिरवा असूनही. त्याला त्या मुलाचा हेवा वाटला. मग स्वतःच्याच हेव्याची भीती वाटली. तो भराभर पुढे गेला.

तो दिवस आठवायचा त्याने प्रयत्न केला. सत्तावीस वर्षं झाली होती. खात्याच्या जीपने तिघं तळ्याच्या मागच्या बाजूने वर गेले होते, जंगलाच्या रस्त्याने, आणि रखवालदारांच्या खोलीत राहिले होते. सकाळी तळ्यापासून खाली उतरत आले. ओढ्यावर सात दगड होते, एकेक टेबलाएवढा, मधून चकचकीत पाणी. आधी बायको गेली, मग तो, आणि तो पलीकडच्या काठावर वही आणि घड्याळ घेऊन उभा राहिला, कारण मुलाला लागणारा वेळ वेगळा लिहायचा असे. फौजदार निघाली. एक, दोन, तीन, चार. पाचव्या दगडावर ती थांबली. हे त्याला पक्कं आठवत होतं, ती थांबली होती. पाचवा आणि सहावा यांच्यातलं अंतर जरा मोठं होतं. तिने वर बघितलं, त्याच्याकडे. तिचा चेहरा कसा होता? फूटपाथवर उभा राहून, डोळे मिटून, त्याने तो चेहरा आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. लाल स्वेटर आठवला. उजव्या बुटाची सुटलेली नाडी आठवली. घड्याळ आठवलं, नऊ वाजून बारा मिनिटं. चेहरा नव्हता. तो घड्याळाकडे बघत होता, मग चेहरा असणार कुठून. "शाबास, फौजदार!" असं तो ओरडला होता, आणि तिने उडी मारली होती. सहा, सात. त्याने लिहिलं, चौऱ्याहत्तर सेकंद, मूल: ठीक.

खाली गाडीतळावर पोचल्यावर खरी गोष्ट घडली, जी त्याने कुणाला कधी सांगितली नव्हती. नियम असा होता की वाट दोन्हीकडून चालायची. जाऊन आणि येऊन. तीच तर या कामातली गोम असते, येतानाची वाट जातानाची नसते. म्हणजे त्यांनी थोडं खाऊन दुपारी पुन्हा वर जायला हवं होतं. तो मुलीपुढे उकिडवा बसून म्हणाला, "काय फौजदार, परत जायचं का वर?" ती मैलाच्या दगडावर बसली होती. ती म्हणाली, "जाऊ या की." लगेच म्हणाली. बायको मात्र उसळली. "काही नको. पोरीचे पाय बघा. तुमच्या तक्त्यापायी जीव घेणार आहात का तिचा?" तो म्हणाला, अगं, ती तयार आहे. बायको म्हणाली, ती तयार असो नाहीतर नसो, मी नाही. मग भांडण झालं, गाडीतळावरच्या माणसांसमोर, आणि शेवटी दुपारच्या बसने ते घरी आले. बसमध्ये त्याने परतीचा रकाना मांडीवर भरला. जाण्याचा वेळ, अधिक चढाचा वीस टक्के. आणि नियमाच्या चौकटीत, दोन्ही बाजूंनी चालून पाहिले, इथे बरोबरची खूण केली. खोटं लिहितोय असं त्याला तेव्हा वाटलंही नाही. मुलगी तयार होती. ती गेलीच असती. हो म्हणाली म्हणजे चालल्यासारखंच की.

बायको पुढच्या खोलीत मशीनजवळ बसली होती. शेजारपाजारच्यांचे कपडे लहानमोठे करून द्यायचं काम ती करायची आणि आत्ता कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. त्याने सगळं सांगितलं. नीट सांगता आलं नाही, मधूनच सुरू केलं, दातांचा दवाखाना आधी सांगितला. तिने दोरा तोडला. मग ब्लेड खाली ठेवलं, मग पँटची घडी घातली, मग ती घडी पुन्हा मोडली.

"किती वाजलेत?" तिने विचारलं.

"दीड."

"म्हणजे अजून तळ्यावरच असतील."

"निघायच्या बेतात असतील."

"ठकी दमली असेल. उचलून घेतलं असेल तिला." तिने तोंडावर हात ठेवला. "मी तुम्हाला सांगितलं होतं, परत चालून बघू नका म्हणून. मीच सांगितलं होतं ना."

"तुझा काय दोष. मला बस पकडून दुसऱ्या रविवारी एकट्याने जाता आलं असतं."

"मग का नाही गेलात?"

त्याच्याकडे उत्तर होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मुलगी बरोबर नसली की त्याला ते काम करावंसंच वाटत नसे. ती पुढे चालणार, तिची वेणी हलणार, ती एकदाही मागे वळून दमले म्हणणार नाही, आणि आपण तिच्याकडे बघत लिहीत राहणार. तेवढेच तर त्याचे सुखाचे दिवस. तो म्हणाला, "ती असताना बघितलं होतं की. ती कधी रडली नाही. पस्तीसच्या पस्तीस वाटा चालली, एकदा रडली नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही. फार जुनी, घडी घालून ठेवलेली गोष्ट बाहेर काढावी की नको, अशा विचारात असल्यासारखी.

"रडायची हो," ती म्हणाली.

"कधी?"

"घरी आल्यावर. मोरीत. पाय धुताना. पाणी मोठं सोडायची आणि रडायची. तळ्याहून आलो त्या दिवशी तर हुंदके आवरेनात. मी किती विचारलं, काय झालं, कुठं लागलं. तर मला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"लेकराने शपथ घातली होती."

"सत्तावीस वर्षं!" तो ओरडला. मशीनवरचं रीळ घरंगळत खाली पडलं. "सत्तावीस वर्षं माणसं ते पुस्तक घेऊन पोरंबाळं डोंगरात नेतायत, आणि तू शपथ घेऊन बसलीस?"

"तुम्हाला ऐकायचं होतं का?" ती शांतपणे म्हणाली. "खरं सांगा. तुम्ही किती खूश असायचात. मला वाटायचं, पोर मोठी होईल, आपणच सांगेल. मग ती मोठी झाली, आणि तिनेही नाही सांगितलं."

तो खुर्चीत बसला. पिशवीतली प्रुफं मांडीवर आली होती आणि पानापानावर त्या तीन बाहुल्या, हातात हात घालून, मोठी, मध्यम, लहान. नाक डोळे नसलेल्या. ड्राफ्ट्समनने चेहरे काढलेच नव्हते, एवढ्या लहान चित्रात मावत नाहीत म्हणाला होता. ठीक, ठीक, ठीक. एक आठ वर्षांची पोर ओठ दाबून चालली आणि त्यावर हे अख्खं पुस्तक उभं राहिलं. किती माणसं गेली असतील. पत्र लिहिणारा एक, न लिहिणारे किती. आणि तीच पोर आज स्वतःच्या पोरीला घेऊन त्याच पाचव्या दगडाशी येणार, आणि दगड दिसणार नाही.

दोन वाजले. अडीच वाजले. तो दर पाच मिनिटांनी फोन लावत होता आणि तीच बाई तेच वाक्य सांगत होती. बायकोने देवाचं नाव घेतलं नाही, तिने शिवण पुन्हा उसवायला घेतली, आणि ज्या पँटची उसवायची नव्हती तिचीही उसवून ठेवली. तीनला दोघांनी एकदमच घड्याळाकडे बघितलं. त्याला पाण्याचा आवाज येऊ लागला. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता, हे कळलं तरी तो आवाज थांबेना. तो उठला, नळ घट्ट केला, आणि तिथेच ओट्याला डोकं टेकून उभा राहिला. त्याच्या डोक्यात पाणी चढत होतं, घोटा, नडगी, गुडघा. ठकीचे बूट नवीन होते. पिवळे. त्यानेच घेऊन दिले होते, एक माप मोठं द्या म्हणाला होता दुकानदाराला, वाढत्या पायाला. सैल बूट. ओट्यावर त्याचं कपाळ आपटलं तेव्हा त्याला कळलं की आपण ते मुद्दाम आपटतोय. बायको येऊन मागे उभी राहिली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

चारला फोन वाजला. तो धडपडत धावला. "बूटसाहेब, छापखान्यातून बोलतोय. सही झाली का प्रुफांवर? मशीन मोकळं ठेवलंय तुमच्यासाठी." तो म्हणाला, फोन ठेवा. माणूस म्हणाला, अहो पण. तो म्हणाला, "फोन मोकळा ठेवा हो!" आणि त्याचा आवाज फाटला. रखवालदाराचा फोन लागत नव्हता. तो पोचला असेल, नसेल. साडेचार. पावणेपाच. या वेळेला परतीच्या बसपाशी यायला हवं. उन्हाचा पट्टा मशीनवरून भिंतीवर गेला होता. बायको म्हणाली, पाणी तरी प्या, आणि लगेच गप्प झाली.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोनवर मुलीचं नाव आलं.

"बाबा? काय झालं? एवढे मिस्ड कॉल! आई बरी आहे ना?"

बायकोने कान जवळ आणला.

"ठकी," तो म्हणाला. "ठकी कुठाय?"

"ही काय, शेजारी. झोपलीय माझ्या मांडीवर. आत्ता घाटात रेंज आली. अहो बाबा, काय सांगू, तुमचं तळं राहिलंच आज. या कार्टीने ओढ्यापाशी जे भोकाड पसरलं! पहिल्या दगडावरसुद्धा पाय ठेवेना. मी म्हटलं, अगं, आजोबांनी लिहिलंय सोपं आहे म्हणून. तर म्हणते कशी, आजोबांना सांग, नाहीये सोपं."

बायको मटकन खाली बसली, फरशीवरच, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तो उभाच होता.

"मग?"

"मग काय. आधी मी चिडले. मग म्हटलं, रड बाई, काय रडायचं ते रड. अलीकडच्या काठावरच डबा खाल्ला, खेकडे शोधले. आणि दुपारी बघते तर बाबा, दगड गायब! पाणी असं फुगलेलं, मोठाल्या फांद्या वाहत होत्या. पलीकडे असतो तर..." बसचा आवाज येत राहिला. "खाली उतरताना वाटेत चौकीचा एक माणूस पण भेटला, धापा टाकत वर येत होता, तुम्ही पाठवलेला. त्याने सांगितलं सगळं. जाऊ द्या ना, बाबा. काही झालं नाही."

"तू तेव्हा का नाही रडलीस?"

"केव्हा?"

"पाचव्या दगडावर. लाल स्वेटर होता तुझा. तू थांबली होतीस."

ती बोलली तेव्हा तिचा आवाज हलका होता, शेजारी झोपलेल्या पोरीला जाग येऊ नये असा. "तुमची नोकरी गेली असती ना, बाबा."

त्याला तिच्या वेणीचा हाताला होणारा स्पर्श आठवला. दर सोमवारी. सगळे हसायचे.

"मला खरंच वाटायचं तसं," ती म्हणाली, आणि हसली. "वेडी होते. नंतर कळलं, पण तोवर सवयच लागून गेली." आणि मग, "बाबा? आहात ना?"

"आहे."

तो खुर्चीवर बसला. प्रुफं पुढे ओढली. बायकोच्या मशीनवरची कपड्यांवर खुणा करायची लाल पेन्सिल घेतली आणि अठरावं पान काढलं. तीन बाहुल्यांवर त्याने एक रेघ मारली. मग त्याचा हात तिथेच थांबला. मग त्याने सगळी पानं मागे उलटली आणि पहिलं पान समोर घेतलं.

"रेंज आहे ना तुला?"

"घाट उतरेपर्यंत आहे. का?"

"गिरणीमागची वाट," त्याने वाचलं. "दोन किलोमीटर. सपाट. सावली भरपूर. इथे?"

"बाबा, जाऊ द्या ना आता."

"सांग."

बसने एक वळण घेतलेलं ऐकू आलं. ठकी झोपेत काहीतरी पुटपुटली.

"तिथं कुत्री होती," मुलगी म्हणाली.

त्याने रेघ मारली आणि पान उलटलं.